नळीतली काळी रिंग

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं बंदूक-दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरचं. तूर-हरभऱ्यात रोही (नीलगाय), रानडुकरं शिरली की दुनळ्या बाहेर निघतात. कुणाची स्प्रिंग गेलेली, कुणाचा दस्ता तारेनं बांधलेला. म्हणून ‘तीनशे मीटरवर नेम मारायचाय’ म्हणत एक पोरगा आला तेव्हा मी हातातली कानस खाली ठेवली.

एनसीसीत .२२ ची हलकी रायफल चालवलेला पोरगा. नेमबाजीसाठीचा परवाना नुकताच हाती आलेला. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवल्यापासून अशी चौकशी जरा वाढली आहे. सोबत त्याचे मामा, आणि शेजारच्या गावचे एक बाबाजी, कॅनव्हासच्या गवसणीत .३१५ बोअरची रायफल घेऊन. बाबाजींची मुलं पुण्याला, बंदूक कुणालाच नको. मामांनी किंमत ठरवूनच आणली होती. “भाऊ, तुमी फक्त एक डाव पाहून द्या.”

बोल्ट मागे ओढला, मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं. मालक ‘रिकामीच आहे’ म्हणाला की मी हमखास घालतो.

रायफल दिसायला झकास. नळीला नवं काळं पॉलिश, दस्त्याला तेल पाजलेलं. विकायच्या आधी केलेलं नवं पॉलिश मला आवडत नाही, पण तो गुन्हा नव्हे. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच निघाला. दस्ता उतरवून लाकडाखालचं लोखंड पाहिलं. निवडणुकीत हत्यारं ठाण्यात जमा होतात, ओल लागली तर गंज तिथेच दडून बसतो. इथे नव्हता. पोराचा चेहरा खुलत चालला होता.

.३१५ ची ठेवण ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीची, बोल्ट मागून पूर्ण निघतो. मागून डोळा लावला, तोंडाशी बॅटरी धरली. आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा, बरे होते. तोंडापासून वीतभर आत मात्र एक काळी रिंग, पेनाने ओढावी तशी.

गंज असेल तर घासून जाईल म्हणून सळईला घट्ट चिंधी लावून मागून ढकलली. चिंधी जोर लावत लावत सरकत होती, रिंगेपाशी एकदम सैल झाली आणि पुढे पुन्हा अडली. दोनदा तसंच. मग बाहेरून नळीवर अंगठा फिरवला. नव्या पॉलिशखाली फुगवटा हाताला लागला.

“बाबाजी, कधी आवाज वेगळा आल्ता का?”

म्हातारा अजिबात लपवून बोलला नाही. “हाव. एक डाव खांद्याले लय झटका बसला. मले वाटलं काडतूस जुनं असन. बंदूक पावसाळाभर खुटीले टांगून होती, तोंडात कुंभारणीनं मातीचं घर केलतं, थे मांगून समजलं.”

कुंभारमाशीला बारकं भोक मिळालं की ती चिखल भरते. सुसाट आलेली गोळी त्या मातीवर आदळली, तिथल्या तिथे दाब चढला आणि पोलाद ताणून बसलं. ताणलेलं पोलाद परत जागेवर येत नाही. अशी नळी पुढे फाटणार नाही याची मी हमी घेत नाही, आणि फाटली नाही तरी गोळी नेमकी जाणार नाही.

मामा म्हणाले, “पाच हजार कमी करून घेतली तं?”

“फुकट दिली तरी नका घेऊ.”

पोरगा हिरमुसला. त्याला मी खरं तेच सांगितलं: नळी धड असती तरी सुरुवातीला मी त्याला .३१५ सुचवली नसती. गोळी जड आणि मंद, लांबवर झपाट्यानं खाली बसते. काडतूस महाग, म्हणून सराव तोकडा. त्यात दणका असा की नवखा चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. शंभर मीटरवर गोळ्यांच्या भोकांचा तीन सेंटिमीटरचा पसारा तीनशेवर निदान नऊचा होतो, आणि तो पसारा रायफलचा की आपल्या बोटाचा, हे ओळखायला खूप गोळ्या खर्ची पडतात. वापरलेली .२२ घे. तिची हलकी गोळी शंभर मीटरवरच वारा वाचायला लावते. आणि रेंजवर टेकू लावून, एकाच जातीच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे गट मारून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नको. सौदा खाजगी असेल तर विकणाऱ्यानं ४५ दिवस आधी प्रशासनाला किंवा ठाण्याला लेखी कळवलंय का, तेही बघ.

“मंग माह्या बंदुकीचं काय करू? लोणच्यात घालू?” बाबाजी.

दुकानाच्या कागदावर रायफलचा नंबर घालून ‘नळी फुगलेली, फायर करण्यास अयोग्य’ असं लिहून सही-शिक्का दिला. हा कागद आणि रायफल घेऊन ठाण्यात जमा करा, पावती घ्या, परवान्यावर नोंद करून घ्या, एवढं समजावलं. तोवर पोरानं माझ्या शोकेसमधली .२२ दाखवून विचारलंसुद्धा, “काका, हिचा चाप किती जड आहे?”