पीच बारा महिने, चव दोनच

इकडच्या सुपरमार्केटात पीच, नेक्टरिन (म्हणजे बिनलवेचं, गुळगुळीत सालीचं पीच), प्लम जवळजवळ वर्षभर दिसतात. रंग तोच, डबाही तोच. चव मात्र महिन्यागणिक बदलते. जानेवारीतलं पीच खाऊन कुणी या फळाला नावं ठेवली, तर तो त्या फळावर अन्याय आहे.

उत्तर गोलार्धातला माल मे-जूनपासून येऊ लागतो. हे लवकरचे वाण झाडावर कमी दिवस राहतात, म्हणून गोडी बेताची आणि गर कोयीला घट्ट चिकटलेला. खरी मजा जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा पीचला मधोमध गोल चीर देऊन दोन्ही अर्धे उलटसुलट पिळले, की कोय अलगद सुटते आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. जर्दाळूचा हंगाम मात्र बघता बघता उरकतो. दुकानात धड जर्दाळू मिळणं म्हणजे नशीबच. सप्टेंबर प्लमचा.

हिवाळ्यातला माल चिली, दक्षिण आफ्रिकेकडून येतो; तिकडे तेव्हा उन्हाळा. बोटीने यायला काही आठवडे लागतात, म्हणून फळ कडक असतानाच तोडतात. आणि इथेच गोची आहे. पीचमध्ये पुढे साखर व्हायला स्टार्चचा साठा नसतो. तोडल्यावर ते मऊ होतं, आंबटपणा उतरतो, वास सुटतो. गोडी झाडावर भरली तेवढीच. चेरी तर तोडल्यावर पिकतही नाही.

त्यात थंडीची भर. साधारण 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये पीच फार दिवस राहिलं, की गर पिठूळ होतो, कोयीभोवती तपकिरी पडतो. चावावं तर ओला कापूस! शून्याच्या आसपास ते जास्त टिकतं, पण घरचा फ्रिज नेमका त्या नको त्या पट्ट्यात. म्हणून कडक फळ बाहेरच ठेवावं, कागदी पिशवीत अढी घालावी. देठाशी अंगठा जरा दबला की झालं. मग दोन-तीन दिवस फ्रिज चालतो.

लाल गालांना भुलू नका. लाली वाणावर आणि उन्हावर ठरते. तिच्याखालचा रंग हिरवट असेल तर फळ कच्चं तोडलेलं.

हिवाळ्यात हात शिवशिवलेच तर मी पांढऱ्या गराचं पीच घेते. त्यातल्या बऱ्याच वाणांत आंबटपणा मुळातच कमी, त्यामुळे कडक असतानाही गोड लागतं. तेही फसलं तर साखर घालून शिजवायचं.