आरसी ट्रकवर हॉट रॉडची बॉडी चढवताना

रेडिओ कंट्रोल (आरसी) ट्रकसाठी स्वतःच्या हाताने बॉडी बनवायला बसले की पहिली अडचण चाकांची येते. या ट्रकची चाके त्याच्या मानाने अवाढव्य असतात, सस्पेन्शनमुळे ती बरीच वर-खाली होतात, आणि पुढची चाके वळताना बरीच जागा व्यापतात. त्यामुळे पिकअपची साधी, मडगार्ड असलेली बॉडी घेतली तर चाकांवरच्या कमानी इतक्या मोठ्या कापाव्या लागतात की मूळ गाडीचा चेहराच हरवतो. हॉट रॉडची, म्हणजे वेगासाठी अनावश्यक भाग काढून टाकलेल्या जुन्या गाडीची, गोष्ट वेगळी आहे. त्याला मडगार्ड नसतेच, चारही चाके अंगाबाहेर उघडी असतात, केबिन अरुंद असते आणि चाके तिच्यापासून दूर उभी असतात. नेमकी हीच ठेवण आरसी ट्रकच्या चॅसिसची, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्याची, असते. म्हणून असल्या चॅसिसवर कोणती बॉडी शोभेल, असे मला कुणी विचारले तर मी आधी हॉट रॉडचे नाव घेतो, आणि त्यातही छोट्या हौद्याच्या जुन्या पिकअपचे.

या गाड्यांचे रूप कशातून घडले हे लक्षात घेतले, तर बनवतानाचे पुष्कळ निर्णय सोपे होतात. 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या वेगाने पळवीत असत. 1937 मध्ये तेथील क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली, आणि या शर्यतींना शिस्त आली. फोर्डने 1932 मध्ये 221 घन इंचाचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील गाडीत बसवले होते. त्या गाडीचे मडगार्ड, फूटबोर्ड, बंपर असे वजन वाढवणारे सगळे भाग काढून टाकले, वारा कमी अडावा म्हणून टप खाली आणला, की शर्यतीची गाडी तयार होत असे. ज्वाळांची रंगरंगोटी आणि क्रोमची झळाळी हे नंतरचे लाड आहेत. आरसी बॉडीवर पुष्कळजण सुरुवातच या लाडांपासून करतात आणि मग ज्वाळा रंगवलेला, पण दिसायला साधाच पिकअप तयार होतो. आधी काय काढायचे ते ठरवले पाहिजे. लावायचे काय, हा प्रश्न बराच पुढचा आहे.

आता मापांकडे वळू. 1932 च्या फोर्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या अॅक्सलमधील अंतर, 106 इंच, म्हणजे सुमारे 2692 मिलिमीटर होता. त्याचा दहावा भाग 269 मिलिमीटर येतो, आणि एकास दहा प्रमाणातील अनेक मॉन्स्टर ट्रकचा, म्हणजे मोठ्या चाकांच्या आरसी ट्रकचा, व्हीलबेस 270 मिलिमीटरच्या आसपास असतो. हा योगायोग पाहून मन हरखते आणि सगळी बॉडी एकास दहा या प्रमाणात काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. मूळ गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर 56 इंच होते, म्हणजे या प्रमाणात ते साधारण 142 मिलिमीटर भरते. आरसी मॉन्स्टर ट्रकची एकूण रुंदी मात्र सहज 300 मिलिमीटरच्या पुढे जाते. टायरचा व्यासही 140 मिलिमीटरच्या घरात असतो आणि मूळ गाडीच्या टायरशी तुलना केली तर तो एकास पाच या प्रमाणाला जवळचा आहे. थोडक्यात, लांबी एका प्रमाणात आणि रुंदी व चाके दुप्पट प्रमाणात, असे हे चॅसिस असते. त्यावर एकास दहा या प्रमाणातील केबिन काटेकोरपणे बसवली तर ती बैलगाडीवर ठेवलेल्या काड्यापेटीसारखी दिसते.

यावर मला पटलेला उपाय असा आहे. केबिन आणि बोनेट एकास आठच्या जवळपास काढावे, आणि त्यामुळे जी लांबी जास्त होते ती सगळी हौद्यातून कापावी. हौदा आखूड करणे ही हॉट रॉड पिकअपमधील जुनी, सर्वमान्य रीत असल्यामुळे ही काटछाट कुणाला खटकत नाही. बोनेटला मात्र हात लावू नये, कारण लांब बोनेट, त्यामागे बुटकी केबिन आणि शेवटी जेमतेम हौदा, या क्रमातच या गाडीचा सगळा रुबाब आहे. रेडिएटरची जाळी पुढच्या अॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित मागे यावी. ती अॅक्सलच्या पुढे गेली की गाडी लगेच आजच्या पिकअपसारखी दिसू लागते. हा फरक काही मिलिमीटरांचा असतो, पण डोळ्यांना तो सर्वांत आधी कळतो.

उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे. हॉट रॉड जमिनीलगत बसलेला असतो आणि ट्रक उंच उभा असतो. शॉकच्या, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या नळीच्या आत, पिस्टनच्या खाली दांड्यावर छोट्या नळकांड्यांचे तुकडे घातले तर शॉक पूर्ण उघडत नाही आणि चॅसिस खाली येते. पुढे मागच्यापेक्षा थोडे अधिक खाली आणले की गाडी पुढे झुकलेली, झेप घेण्याच्या तयारीत असल्यासारखी दिसते. दुसरा मार्ग खुद्द हॉट रॉडवाल्यांचाच आहे, त्याला ते चॅनेलिंग म्हणतात: बॉडीची फरशी कापून ती वर उचलायची, म्हणजे बॉडी चॅसिसच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरून बसते. आरसी बॉडीला फरशी नसतेच, त्यामुळे येथे हे काम निम्म्याहून सोपे होते. फक्त बॅटरी, रिसीव्हरची (रेडिओ संदेश घेणाऱ्या भागाची) डबी आणि सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) यांच्या उंचीपाशी थांबावे लागते.

पुढे लहान आणि मागे मोठी चाके ही या गाड्यांची आणखी एक ओळख आहे. ज्याचा ट्रक केवळ मागच्या चाकांवर चालतो, त्याने ती हौस खुशाल पुरवावी. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रकवर मात्र हे करू नये. तेथे पुढचे आणि मागचे अॅक्सल सारख्या वेगाने फिरतात, आणि चाकांचा व्यास वेगळा असेल तर एक जोडी सतत दुसरीला ओढत राहते. त्याचा ताण गिअर आणि ड्राइव्ह शाफ्टवर पडतो आणि मोटर विनाकारण तापते.

प्लास्टिकला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्याची बॉडी करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शॉकवरच्या स्प्रिंग काढून चॅसिस शेवटपर्यंत खाली दाबावे, मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून चाक कुठवर येते ते पुठ्ठ्यावर आखून घ्यावे, आणि प्रत्येक चाक एकेकटे वर उचलूनही हीच तपासणी करावी. मडगार्ड नसले तरी पुढच्या टायरचा मागचा कोपरा वळताना केबिनच्या खालच्या कडेला घासू शकतो. तेवढी जागा पुठ्ठ्यातच सोडून घेतली की पुढचे काम निश्चिंतपणे करता येते. शिवाय पुठ्ठ्याची बॉडी चार पावले दूर ठेवून पाहता येते, आणि प्रमाण चुकले असेल तर ते दुरूनच कळते.

साहित्य निवडताना गाडी पळवायची आहे की मांडून ठेवायची आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. पळवायची असेल तर पॉलिकार्बोनेटला पर्याय नाही. साधारण 0.75 ते 1.5 मिलिमीटर जाडीची ही पारदर्शक शीट वाकते, दबते आणि पुन्हा मूळ आकाराला येते. उलटलेल्या ट्रकच्या टपाला हाच गुण वाचवतो. स्टायरिन हे कडक प्लास्टिक कापायला, कानसायला आणि चिकटवायला कितीतरी सोपे आहे, त्यावर रेषा आणि कडा रेखीव उठतात, पण ते जड होते आणि आपटले की तडकते. मी दोन्हींची सांगड घालतो: केबिन, बोनेट आणि हौदा पॉलिकार्बोनेटचा, आणि जाळी, दिव्यांचे कडे, दारांच्या मुठी असे छोटे तपशील स्टायरिनचे. थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर जाळी त्यावर उत्तम निघते. मात्र पीएलए हे प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे मोटरजवळच्या किंवा उन्हात राहणाऱ्या भागांसाठी पीईटीजी अथवा एबीएस बरे. जेथे मार बसणार, त्या पुढच्या टोकासाठी लवचीक टीपीयू सर्वांत चांगले.

पॉलिकार्बोनेटला आकार द्यायचा तर साचा आणि व्हॅक्यूम फॉर्मिंग, म्हणजे तापवलेली शीट हवा शोषून साच्यावर ओढून बसवणे, आले. साचा लाकडाचा, एमडीएफचा किंवा प्लास्टरचा असावा, कारण तापलेल्या शीटखाली तो टिकला पाहिजे. त्याच्या उभ्या बाजूंना तीन ते पाच अंशांचा उतार द्यावा, नाहीतर थंड झालेली बॉडी साच्यातून सुटत नाही. खोलगट कोपऱ्यांत एक मिलिमीटरहून बारीक छिद्रे पाडली की हवा तेथूनही शोषली जाते आणि त्यांचे ठसे दिसत नाहीत. पॉलिकार्बोनेट हवेतील ओल शोषून घेते. ते वाळवून न घेता तापवले तर त्यात बुडबुडे उठतात, म्हणून आधी त्याला सुमारे 120 अंशांवर काही तास ठेवावे लागते. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी पीईटीजीची शीट वापरावी. ती कमी तापमानाला मऊ होते, बहुधा वाळवावी लागत नाही, आणि माराला पॉलिकार्बोनेटइतकी नसली तरी पुष्कळ टिकते. संपूर्ण गाडी एकाच ओढीत काढण्याचा हट्ट नसावा. उंच, उभ्या नाकावर शीट ताणली जाऊन कागदासारखी पातळ होते. नाक, केबिन आणि हौदा वेगळे काढून नंतर जोडले तर जाडी सगळीकडे सारखी राहते.

तयार पिकअप बॉडी कापूनही काम भागते, आणि तेथे टप खाली आणण्याचा खरा प्रयोग करता येतो. मूळ गाडीत टप तीन इंचांनी उतरवत असतील तर एकास आठ प्रमाणात तो सुमारे साडेनऊ मिलिमीटर उतरतो. खिडक्यांचे खांब सरळ उभे असतील तर पट्टी कापून वरचा भाग तसाच खाली ठेवता येतो. खांब आत झुकलेले असतील तर मात्र वरचा टप खालच्या खांबांपेक्षा लहान ठरतो, कारण झुकलेले खांब जसजसे खाली जातात तसतसे त्यांच्यातील अंतर वाढते. 1932 च्या फोर्डचे खांब जवळजवळ उभे असल्यामुळे ते काम सरळ होते, आणि 1949 च्या मर्क्युरीसारख्या गोलसर गाडीवर तेच काम कौशल्याची कसोटी पाहते. आरसी बॉडीत यावर तोड म्हणजे टप मधोमध आडवा-उभा कापून चार तुकडे दूर सरकवणे आणि मधल्या फटीखाली आतून पट्ट्या लावणे. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, पॉलिकार्बोनेटवर काचेला धुरकट करतो आणि जोडही ठिसूळ ठेवतो. त्याऐवजी बूट चिकटवण्यासाठी वापरतात तसला लवचीक गोंद आणि आतून जाळीची टेप लावावी, किंवा सरळ बारीक रिव्हेट मारावेत. बाहेरून दिसणारे रिव्हेट इतर कोणत्याही बॉडीवर विद्रूप दिसतील, येथे मात्र ते गाडीच्या स्वभावाला धरूनच असतात.

इंजिनाची प्रतिकृती उघडी ठेवायची की बोनेटखाली, यावर मतभेद होतील. मी उघडी ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण बोनेटच्या बाजू काढून टाकल्या की बॉडीखाली हवा खेळते आणि मोटर व तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर यांना ती हवीच असते. मागे मोटर असलेल्या चॅसिसमध्ये पुढे जागा आयती रिकामी असते. फक्त ही प्रतिकृती पोकळ आणि हलकी असावी.

रंगकामात क्रम उलटा चालतो, आणि ज्वाळांच्या बाबतीत तो डोक्यात पक्का बसवून घ्यावा लागतो. पारदर्शक बॉडी आतून रंगवतात. जो थर सर्वांत आधी बसतो तोच बाहेरून सर्वांत वर दिसतो. आतली बाजू भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवावी, खिडक्या झाकाव्यात, आणि ज्वाळांचा आकार मास्किंग टेपने झाकून आधी सगळीकडे काळा रंग मारावा. तो वाळला की ज्वाळांवरची टेप काढावी, टोकांवर लाल रंगाचा हलका फवारा द्यावा, त्यामागे नारिंगी, आणि बुडाशी पिवळा सगळ्यांवर पसरवावा. शेवटी पांढऱ्याचा अस्तर दिल्याशिवाय पिवळा झळाळत नाही. थर पातळ असावेत. एकाच जाड थराने टेपखाली रंग शिरतो. रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा. टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या रंगांत पीएस मालिका यासाठी आहे आणि टीएस मालिका स्टायरिन व एबीएससाठी. दोन्हींची अदलाबदल केली तर बॉडी पहिल्याच आघाताला पापुद्रे सोडते. म्हणजे वर सांगितलेल्या माझ्या मिश्र पद्धतीत दोन्ही डबे लागतात, आणि बाहेरून चिकटवायचे स्टायरिनचे भाग वेगळे रंगवून मगच बसवावे लागतात. ज्वाळांची बारीक किनार मी बाहेरून विनाइलच्या पट्टीने काढतो. हाताने रेष मारणारे कलावंत धन्य आहेत.

शेवटचा प्रश्न बॉडी बसवण्याचा. टपातून किंवा बोनेटातून वर आलेले खांब आणि त्यांत अडकवलेल्या क्लिपा इतक्या मेहनतीवर पाणी फिरवतात. मागचे दोन खांब हौद्याच्या फरशीतून वर काढावेत, तेथे त्या क्लिपा खपून जातात. पुढे जाळीच्या मागे एक बिजागरी लावावी, म्हणजे बॅटरी बदलताना संपूर्ण बॉडी पुढे उलगडते. उड्या मारणाऱ्या ट्रकवर केवळ चुंबकांच्या भरवशावर राहू नये. बॉडी चढवल्यावर ट्रक हाताने तिरका करून पाहावा आणि तो कोणत्या कोनाला कलंडतो ते बॉडीशिवायच्या कोनाशी ताडून पाहावे. कोन फार घटला असेल तर वजन वरूनच कमी करावे लागेल, आणि तेव्हा इंजिनाच्या वर लावलेला तो देखणा, जडसा ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राची प्रतिकृती) सर्वांत आधी उतरवावा.