टीव्हीचं डोंगल, आठ बिट आणि एक कच्ची फाईल

एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे रेडिओचं बरंचसं काम कॉम्प्युटरवर करणं) सुरू करायचंय म्हणून कुठेही वाचायला गेलं की सॉफ्टवेअरची यादीच अंगावर येते, हे टाका, ते टाका, मग विमानं दिसतील, मग सॅटेलाईटचे फोटो येतील. येतात की, नाही कुठे म्हणतेय मी. पण माझं म्हणणं असं की डोंगल हातात आल्यावर आधी एक कच्ची फाईल (डोंगलने दिलेले आकडे जसेच्या तसे) रेकॉर्ड करा, दहा सेकंदांची पुरे, आणि मग डोंगल सरळ काढून बाजूला ठेवा. त्या एका फाईलशी खेळताना रेडिओ म्हणजे काय हे जेवढं कळतं तेवढं रंगीत वॉटरफॉल (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय ते दाखवणारं सरकतं चित्र) बघत बसून कळत नाही. वॉटरफॉल बघायला मजा येते हे मान्य, मीही बघते, तासन्‌तास.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे स्वस्तातलं डोंगल मुळात कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही बघायला बनवलेलं. आत दोन महत्त्वाच्या चिप, एक ट्यूनर (बहुतेक वेळा राफाएल मायक्रोचा आर८२०टी किंवा त्याचा पुढचा भाऊ) आणि एक रिअलटेकची आरटीएल२८३२यू. ही रिअलटेकची चिप खरं तर टीव्हीचा सिग्नल स्वतःच उलगडून द्यायची, पण एफएम ऐकायची सोय द्यायला तिच्यात एक आडवाट ठेवलेली होती, त्या वाटेने ती काहीही न उलगडता सॅम्पल (सिग्नलची क्षणाक्षणाची मोजमापं) जसेच्या तसे यूएसबीवर ढकलते आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरवर सोडून देते. २०१२ मध्ये अँटी पालोसारी नावाच्या लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या डेव्हलपरने हे उजेडात आणलं, त्याच्याही आधी एरिक फ्रायने यूएसबीवरचे पॅकेट तपासून तसा सुगावा लावला होता, आणि मग ऑस्मोकॉम प्रकल्पातल्या लोकांनी, त्यातही स्टीव्ह मार्कग्राफने, ओपन सोर्स ड्रायव्हर लिहून टाकला. ग्नू रेडिओ हे एसडीआरचं मोफत सॉफ्टवेअर तर २००१ पासून होतंच, फक्त त्याला जोडायचं हार्डवेअर महाग असायचं. टीव्ही बघायच्या डोंगलने ती अडचण एका फटक्यात संपवली.

लिनक्सवर एक बारीक गोष्ट आहे, डोंगल लावलं की कर्नल त्याला टीव्ही समजून स्वतःचा ड्रायव्हर चिकटवतो आणि मग आपल्या प्रोग्रॅमला ते सापडत नाही. तो मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करायचा (म्हणजे कर्नलला तो लावू द्यायचा नाही), झालं.

आता फाईल. सॅम्पल रेट २.४ मेगा, म्हणजे सेकंदाला २४ लाख सॅम्पल, ठेवा. चिप ३.२ पर्यंत जाते असं लिहिलेलं असतं पण तिथे सॅम्पल गळायला लागतात, आणि गळलेला सॅम्पल परत मिळत नाही. दर सॅम्पलला दोन बाइट, एक आय आणि एक क्यू, म्हणजे सेकंदाला ४.८ एमबी, दहा सेकंदांचे ४८ एमबी. तासभर चालू ठेवलंत तर १७ जीबीच्या वर जातं, तेव्हा रात्रभर रेकॉर्डिंग लावून झोपायच्या आधी डिस्क बघा.

प्रत्येक बाइट ० ते २५५ मधला आकडा. त्यातून १२७.५ वजा करायचे की शून्य मध्यभागी येतं. आणि मग आय-क्यूची जोडी म्हणजे कागदावरचा एक बिंदू, एक्स आणि वाय. तो मध्यापासून किती लांब आहे यावरून सिग्नल किती जोरात आहे ते कळतं, कोणत्या कोनात आहे ती फेज. सिग्नल आपण ट्यून केलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वर असेल तर बिंदू एका दिशेने गोल फिरतो, खाली असेल तर उलट्या दिशेने, बरोब्बर त्याच फ्रिक्वेन्सीवर असेल तर जागच्या जागी उभा. आय-क्यूबद्दल लोक उगाच घाबरवतात, साइन-कोसाइनची पानं भरतात, पण पहिले शंभर सॅम्पल प्लॉट करून ते गोल फिरताना बघितले की निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी म्हणजे काय हा प्रश्नच पडत नाही.

एखादं जोरदार एफएम स्टेशन मध्यभागी धरून रेकॉर्ड केलं असेल तर पुढचं काम पायथॉनमध्ये जेमतेम दहा-बारा ओळींचं आहे. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) लावून दहातला एक सॅम्पल ठेवायचा, रेट २४० किलोहर्ट्झ होतो. एफएममध्ये माहिती फ्रिक्वेन्सीत असते, फ्रिक्वेन्सी म्हणजे बिंदू किती वेगाने फिरतोय ते, आणि वेग काढायचा तर आत्ताच्या सॅम्पलला आधीच्या सॅम्पलच्या कॉन्ज्युगेटने (म्हणजे क्यूचं चिन्ह उलटं करून) गुणायचं आणि आलेल्या आकड्याचा कोन घ्यायचा. बस. डिमॉड्युलेटर म्हणतात तो एवढाच. परत फिल्टर करून पाचातला एक ठेवला की ४८ किलोहर्ट्झचा ऑडिओ, वेव्ह फाईल करून वाजवायचा. आवाज जरा किरटा येतो कारण स्टेशनवाले वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम उचलून पाठवतात, आपल्या बाजूला त्या दाबायला एक छोटा फिल्टर लागतो, जगात बहुतेक ठिकाणी ५० मायक्रोसेकंदांचा, अमेरिकेत ७५ चा.

बहुतेक ट्युटोरियल इथे थांबतात, आणि खरी गंमत तर इथूनच पुढे आहे. तो कोन काढल्यावर २४० किलोहर्ट्झचा जो सिग्नल मिळतो, फिल्टर करून फेकून द्यायच्या आधी, त्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख) काढून बघा. ० ते १५ किलोहर्ट्झ आवाज, म्हणजे डावा अधिक उजवा. मग मोकळी जागा, आणि बरोबर १९ वर एक बारीक सरळ रेघ, सुईसारखी. पुढे २३ ते ५३ मध्ये दोन उंचवटे, एकमेकांचं प्रतिबिंब असल्यासारखे, तो डावा वजा उजवा. आणि ५७ वर एक पिटुकली जोडी, तो आरडीएस, म्हणजे स्टेशनचं नाव वगैरे (स्टेशन आरडीएस पाठवत असेल तरच, सगळी पाठवत नाहीत). या सगळ्याचं मूळ त्या १९ च्या सुईत आहे. स्टिरिओचा कॅरिअर (माहिती वाहून नेणारी लहर) ३८ वर असतो पण तो दाबून टाकलेला असतो, पाठवतच नाहीत, रिसीव्हरने १९ ची दुप्पट करून तो घरच्या घरी बनवायचा. आरडीएसचा ५७, म्हणजे १९ ची तिप्पट. आणि आरडीएसचा बिट रेट ११८७.५, हा विचित्र आकडा कुठून आला म्हणाल तर ५७००० ला ४८ ने भागा.

आरडीएस उलगडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त मजा पण त्यातच आली. १०४ बिटांचा एक ग्रुप, त्याचे चार ब्लॉक, प्रत्येकात १६ बिट माहिती आणि १० बिट तपासणीचे. स्टेशनचं नाव आठ अक्षरांचं, पण एका ग्रुपमध्ये दोनच अक्षरं येतात, त्यामुळे नाव स्क्रीनवर तुकड्या-तुकड्याने भरतं, आधी मधलीच दोन, मग शेवटची दोन, सिग्नल कमजोर असेल तर एक जोडी किती वेळ येतच नाही. गाडीतल्या रेडिओवर नाव अर्धवट लटकलेलं दिसतं तेव्हा आता आत काय चाललंय ते डोळ्यासमोर येतं.

आता हार्डवेअरच्या मर्यादेबद्दल. लोक म्हणतात आठ बिट म्हणजे फारच कमी. कमी आहेतच, जेमतेम ५० डेसिबलची रेंज मिळते, म्हणजे शेजारी दणदणीत स्टेशन असेल तर हलका सिग्नल त्याच्याखाली चिरडतो. पण माझ्या मते नव्वद टक्के तक्रारी आठ बिटांच्या नसून गेनच्या (आलेला सिग्नल किती वाढवायचा त्याच्या) असतात. गेन ऑटोवर टाकून देतात किंवा स्लायडर शेवटपर्यंत, ४९.६ वर नेऊन ठेवतात आणि मग स्क्रीनभर सगळीकडे स्टेशनं दिसतात, एफएमची गाणी नको तिथे ऐकू येतात आणि वाटतं वा काय रिसेप्शन आहे. ती भुतं असतात हो. ओळखायची पद्धत सोपी, गेन तीन डेसिबलने कमी करा. खरा सिग्नल साधारण तीनने उतरेल. भूत नऊच्या आसपास धाडकन खाली येईल कारण ते दोन मोठ्या सिग्नलच्या भांडणातून तयार झालेलं असतं. स्लायडर खालून वर न्यायचा, नॉईज फ्लोअर (खालची कायमची खरखर) उचलायला लागला की तिथे थांबायचं, त्याच्या वर नेऊन सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच वाढतात, पदरात काही पडत नाही.

दुसऱ्या प्रकारची भुतं डोंगलच्या पोटातली. आतला क्रिस्टल (चिपला ठेका देणारा) २८.८ मेगाहर्ट्झचा, त्याच्या पटीत सगळीकडे रेघा दिसतात, ५७.६, ८६.४, ११५.२, आणि पाचपट म्हणजे बरोबर १४४, हॅम (हौशी रेडिओवाल्या) लोकांच्या बँडच्या दारातच. अँटेना उपटा, रेघ तशीच राहिली तर समजायचं घरचीच आहे. हाच क्रिस्टल साध्या डोंगलमध्ये थोडा सरकलेला पण असतो, ५० पीपीएम (दहा लाखात पन्नास) चूक धरली तर १०० मेगाहर्ट्झवर पाच किलोहर्ट्झ. एफएमला त्याचा काही फरक पडत नाही, डिमॉड्युलेट केल्यावर नुसता एक स्थिर आकडा मिळवल्यासारखा दिसतो, वजा करून टाका. पण १२.५ किलोहर्ट्झचे चॅनल असतील तिथे पाच म्हणजे फार झाले. टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा क्रिस्टल) असलेलं डोंगल घ्या असं सांगतात ते त्यासाठी, आणि तेवढे जास्तीचे पैसे द्यायला माझी काही हरकत नाही.

विमानांबद्दल न लिहून चालणार नाही. १०९० मेगाहर्ट्झवर विमानं स्वतःची ओळख, उंची, जागा ओरडून सांगत असतात आणि त्यात काहीही एन्क्रिप्शन नाही. डम्प१०९० हा प्रोग्रॅम साल्वातोरे सानफिलिप्पोने लिहिला, रेडिस हा डेटाबेस लिहिणारा तोच. जुना सी कोड आहे, पण बसून वाचण्यासारखा, कारण यातला सिग्नल इतका साधा आहे की फेज-बिज सगळी फेकून द्यायची, फक्त जोर बघायचा. प्रत्येक बिटाला एक मायक्रोसेकंद. पहिल्या अर्ध्यात पल्स असेल तर १, दुसऱ्या अर्ध्यात असेल तर ०. सेकंदाला वीस लाख सॅम्पल घेतले की दर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक सॅम्पल पडतो, म्हणजे शेजारचे दोन सॅम्पल घ्या, पहिला मोठा तर एक, दुसरा मोठा तर शून्य! ११२ बिटांचा मेसेज असा २२४ सॅम्पलमधून निघतो, आधी आठ मायक्रोसेकंदांची खूणगाठ, ज्यात ०, १, ३.५ आणि ४.५ वर पल्स, आणि शेवटचे २४ बिट तपासणीचे. मी हे स्वतः लिहून बघितलं, डम्प१०९० च्या मानाने अगदीच गरीब डिकोडर झालाय, कमजोर मेसेज सोडून देतो, पण विमानं दाखवतो.

विमान यादीत आधी येतं आणि नकाशावर उशिरा, का ते पण कोड वाचून कळलं. जागा पूर्ण पाठवतच नाहीत, बिट वाचवायला सम आणि विषम असे दोन प्रकारचे मेसेज असतात आणि दोन्ही मिळाल्याशिवाय पहिल्यांदा जागा ठरत नाही. अँटेना म्हणाल तर क्वार्टर वेव्ह म्हणजे जेमतेम सात सेंटीमीटर तार, पण ती ठेवायची उंचावर. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान तत्त्वतः चारशे किलोमीटरवरून ऐकू यायला हवं, खिडकीच्या आत ठेवलेल्या तारेला त्यातलं फार थोडं मिळतं. डोंगल बदलण्याआधी अँटेना हलवा, हे मी दहा वेळा सांगायला तयार आहे.

सॅटेलाईटचं एक सांगून ठेवते, कारण जुन्या गाईड अजून तेच सांगतात. नोआ १५, १८, १९ या अमेरिकी हवामान उपग्रहांचे ते अॅनालॉग फोटो, ज्यांच्यावर आम्ही सगळे शिकलो, ते २०२५ मध्ये बंद झाले. आता १३७ मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिऑर-एम उपग्रह धरायचे, सिग्नल डिजिटल आहे, सॅटडम्प या प्रोग्रॅमने उलगडतो, फोटो उलट जास्त स्पष्ट. अँटेना तीच चालते, साधारण ५३ सेंटीमीटरच्या दोन काड्या १२० अंशात. फक्त अॅनालॉगमध्ये सिग्नल ढासळताना चित्रात मुंग्या यायच्या आणि कानाला कळायचं काय होतंय ते, डिजिटलमध्ये आहे तर आहे, नाही तर काळी पट्टी. शिकायला अॅनालॉग चांगलं होतं असं माझं मत.

४३३ मेगाहर्ट्झवर आरटीएल_४३३ हा प्रोग्रॅम पण चालवून बघा, आजूबाजूचे तापमानाचे सेन्सर, गाडीच्या टायरमधले सेन्सर, सगळे बडबडत असतात. काय ऐकायला परवानगी आहे हे देशागणिक बदलतं, ते आधी बघून घ्या, ट्रान्समिट तर हे डोंगल करतच नाही.

आणि हो, कच्च्या फाईलला हेडर नसतो. नुसते बाइट. कोणत्या फ्रिक्वेन्सीची, किती सॅम्पल रेटची, काहीच आत लिहिलेलं नसतं, आणि महिन्याभराने फोल्डर उघडला की टेस्ट, टेस्ट२, फायनल असल्या नावांवरून काही कळायची सोय नाही. सिगएमएफ नावाचं एक स्टँडर्ड आहे, फाईलशेजारी छोटी जेसन (साध्या मजकुराची) फाईल ठेवून त्यात सगळं लिहायचं, नवी टूल ते वाचतातही. तेवढा उत्साह नसेल तर फ्रिक्वेन्सी, रेट, गेन आणि तारीख सरळ फाईलच्या नावातच घाला. गेन घालायला विसरू नका, नंतर भूत की खरा सिग्नल हा वाद निघतो तेव्हा तोच लागतो.