तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रकाठी, पण वाळूपासून दूर

"मुलांना घेऊन समुद्रकाठच्या रिसॉर्टवर चाललोय. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि पाणी आहेच, पण मधल्या वेळात त्यांचं करायचं काय?" हा प्रश्न मला इतक्या आईवडिलांनी विचारला आहे, की उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावं असं वाटलं.

प्रश्न रास्त आहे. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत उन्हातली अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात आणि लहान मुलांना त्या वेळी उघड्यावर ठेवणं बरं नाही. वाळूही तापते. कधी पाऊस येतो, कधी समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावर लाल बावटा लागतो. म्हणजे समुद्रासाठी एवढ्या लांब गेलेलं कुटुंब दिवसाचा मोठा भाग वाळूपासून दूरच घालवतं. तो भाग भरून काढायला रिसॉर्टकडे गेम झोन, कार्टूनची खोली, चेहऱ्यावर वाघ-मांजर रंगवणं असं बरंच असतं. त्यात वाईट काही नाही. पण निवडताना मी एकच कसोटी लावते: हे आपल्याला घराजवळ करता आलं असतं का? आलं असतं, तर त्याचा नंबर शेवटी. समुद्राजवळ आहोत म्हणूनच जे करता येतं, ते आधी.

पोहोचल्या संध्याकाळचं पहिलं काम म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. रिसेप्शनवर विचारा, नसेल तर जवळच्या बंदराचं नाव टाकून फोनवर शोधा. ते मुलांकडून मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घ्या आणि खोलीच्या दाराला आतून चिकटवा. बहुतेक किनाऱ्यांवर रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. हे सगळं चक्र सुमारे २४ तास ५० मिनिटांचं असल्यामुळे प्रत्येक वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे मुलांना आधी सांगू मात्र नका. तीन दिवसांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या की सात-आठ वर्षांच्या मुलालासुद्धा ते आपणहून दिसतं. मग 'असं का?' येतं, आणि त्याचं उत्तर रात्री गॅलरीत उभं राहून द्यावं लागतं, कारण चंद्रही रोज सरासरी तेवढ्याच उशिराने उगवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, म्हणजे मोठी भरती असते, तर अर्ध्या चंद्राच्या दिवसांत भांगाची, म्हणजे लहान. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटीच्या पाण्यात १६ मीटरपर्यंत फरक पडतो, हे सांगितलं की मुलं समोरच्या इमारतीचे मजले मोजायला लागतात. उलट भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर हा फरक जेमतेम जाणवतो. तुम्ही अशा ठिकाणी असाल तर पाण्याऐवजी वाऱ्याची नोंद ठेवा. गॅलरीच्या कठड्याला एक रिबन बांधायची. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर रिबन बऱ्याचदा उलट्या दिशेला फडफडताना दिसते.

हा कागद दारावर लागला की दिवस कसा आखायचा ते त्यावरूनच ठरतं. माझ्या मते त्यात पहिला मान बंदराचा. साधी मासेमारीची जेटी असली तरी चालेल. बोटी केव्हा सुटतात आणि केव्हा परततात हे पुष्कळ ठिकाणी भरतीवर अवलंबून असतं, त्यामुळे वेळ काढून देण्याचं काम मुलांचं. आधी परवानगी विचारायची, कामाच्या वाटेत उभं राहायचं नाही, फोटो काढण्यापूर्वी त्या माणसाला विचारायचं, एवढं पाळलं तर बहुतेक बोटवाले मुलांशी मनापासून बोलतात. मुलांना मी एकच प्रश्न तयार करून न्यायला सांगते आणि तो त्यांनीच विचारायचा, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. जाळ्याची भोकं एवढीच का? नांगर वाळूत कसा रुततो? रात्री रस्ता कसा कळतो? उत्तर ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. जमलं तर एक गाठ शिकून यावी. दोराच्या टोकाला केलेला, कितीही ताण आला तरी आवळत न जाणारा फास दहा वर्षांचं मूल थोड्या सरावाने शिकतं आणि पुढचे दोन दिवस खुर्च्यांना, दारांना, भावंडांना बांधत सुटतं. भावंडांपुरता नियम घालावा लागतो: कमरेच्या वर दोर नाही.

बंदरात मालवाहू जहाज लागत असेल तर त्याच्या कुशीवर, मधोमध, एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ शोधा. शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा असतात. जहाजात किती भार भरता येईल याची ती मर्यादा. ब्रिटनमधले खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी जादा भार भरून खलाशांचे जीव धोक्यात घालणाऱ्या मालकांविरुद्ध लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने तिथे ही खूण सक्तीची झाली. रेघा अनेक का, हे कोडं मुलांना घालावं. गोडं पाणी आणि कोमट पाणी हलकं असतं, त्यात तेच जहाज जास्त बुडतं, म्हणून प्रत्येक पाण्याची रेघ वेगळी. पुस्तकात घनता शिकलेल्या मुलाला ती इथे लोखंडावर रंगवलेली दिसते.

दीपस्तंभ जवळ असेल तर तो दोनदा बघा. दिवसा वर चढता येत असेल तर भिंगासाठी चढा. फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल याने एकच जाडजूड काच वापरण्याऐवजी लोलकांची कडी एकात एक बसवली आणि १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपस्तंभावर ते भिंग पहिल्यांदा लागलं. त्याच तत्त्वाची भिंगं जगभर पसरली. रात्री मात्र गॅलरीतून बघायचं आणि मोजायचं. एका भागातल्या दीपस्तंभांच्या उघडझापीची लय मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, म्हणजे अंधारात खलाशाला आपण कुठे आहोत ते ओळखता येतं. मुलांनी सेकंद मोजून ती लय लिहून काढायची. आणखी एक खेळ बोटींच्या दिव्यांचा. बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. लाल दिसला तर बोट आपल्या डावीकडे चालली आहे, हिरवा दिसला तर उजवीकडे. लाल-हिरवा दोन्ही दिसले तर ती सरळ आपल्याकडे येते आहे. झोपायला न जाणाऱ्या मुलांसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. बघता बघता ती स्वतःच पेंगतात.

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट, आणि ती मी प्रत्येकाला करायला सांगते. रिसॉर्टची इमारत चार-पाच मजल्यांची असेल आणि समुद्र पश्चिमेला असेल, तर कुटुंबाचे दोन गट करा. एक गट खाली पाण्याच्या काठाशी, दुसरा पाचव्या मजल्यावर किंवा गच्चीत, दोघांच्या मध्ये फोन चालू. सूर्य मावळताना शेवटची कड दिसेनाशी झाली की खालच्या गटाने 'गेला!' म्हणायचं. वरचा गट म्हणतो, 'अजून आहे!' पंधरा मीटरच्या उंचीला साधारण वीस सेकंदांचा फरक पडतो आणि विषुववृत्तापासून लांब गेलं की थोडा आणखी. सूर्याचं बिंब तेजस्वी असताना त्याकडे टक लावायची नाही. शेवटची कड उरेपर्यंत पाठ करून उभं राहायचं, हा नियम आधी पक्का करा. किनारा पूर्वेचा असेल तर हेच सूर्योदयाला करता येतं, तिथे वरचा गट जिंकतो.

या वीस सेकंदांत पृथ्वी गोल असल्याचा पुरावा आहे आणि तो मुलांनी स्वतः मिळवलेला आहे. पाण्याच्या काठावर, डोळे जमिनीपासून एक मीटरवर असलेल्या लहानग्याला क्षितिज साधारण साडेतीन किलोमीटरवर असतं. मोठ्या माणसाला साडेचार किलोमीटरवर. पाचव्या मजल्यावरून तेच १४ किलोमीटरच्या आसपास जातं. अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वानाने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना इथल्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. ज्या मुलाने नुकतंच 'अजून आहे!' असं ओरडून सांगितलं आहे, त्याला ही गोष्ट सांगा. ते ऐकताना त्याला अल-बिरुनी आपल्यापैकीच एक वाटतो.

भर दुपारी खोलीत करण्यासारखंही पुष्कळ आहे. चिमूटभर वाळू बशीत घ्या, भिंगाखाली बघा, मग जेवणघरातून मागून आणलेल्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसली तर त्या वाळूत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा आहे. शांत राहिली तर ती बहुधा खडकांची, गारगोटीची वाळू. काळे कण लोहचुंबकाला चिकटतात का तेही बघा. उरलेली वाळू परत नेऊन टाकायची. इटलीच्या सार्डिनिया बेटावर वाळू-शिंपले नेल्याबद्दल चक्क दंड होतो, आणि नियम नसला तरी रिकाम्या शंख-शिंपल्यांत राहणारे साधू खेकडे आहेतच, त्यांची घरं आपण पिशवीत का भरायची? दुसऱ्या बशीत थोडं समुद्राचं पाणी उन्हात ठेवा. लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, बशीच्या तळाशी त्यांचा पांढरा थर उरतो. तो चाखायचा नाही, बघायचा.

पावसाळी दिवसासाठी जहाजांचे निशाण-संकेत राखून ठेवा. आंतरराष्ट्रीय संकेतांत इंग्रजी वर्णमालेच्या २६ अक्षरांना २६ बावटे आहेत आणि प्रत्येक बावट्याला स्वतःचा अर्थही आहे. 'ए'चा पांढरा-निळा बावटा म्हणजे पाण्याखाली बुडी मारलेला माणूस आहे, लांब राहा. 'सी' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही. मुलांनी आपापल्या नावाची माळ रंगवायची आणि 'सी', 'एन' जेवणाच्या टेबलावर न्यायचे. तेवढ्या एका जेवणाला बोलून उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं की मोठेही रंगात येतात.

फारसं कुणी विचारत नाही, पण विचारून बघावं अशी एक गोष्ट म्हणजे रिसॉर्टची मागची बाजू. मॅनेजरना आदल्या दिवशी विचारा: पोहण्याच्या तलावाचं पंपघर, धुलाईघर मुलांना बघायला मिळेल का? बरेच जण आनंदाने दाखवतात. तलावाचं पाणी गाळणीतून कसं फिरतं, त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) ७.२ ते ७.८ च्या मध्ये का ठेवतात, हे तिथला माणूस दोन मिनिटांत समजावतो. पोहून डोळे झोंबतात ते बरेचदा नुसत्या क्लोरीनमुळे नव्हे. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन जे तयार होतं, त्यामुळे. हे एकदा कळलं की आधी शॉवर घे म्हणून मागे लागावं लागत नाही.

तलावाचा विषय निघालाच आहे तर हे ऐकाच. समुद्र धोक्याचा आणि तलाव सुरक्षित असं धरून चालू नका. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातपाय आपटत नाही, गुपचूप खाली जातं. सगळे मोठे जवळ असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून नाव घेऊन पाळी लावा. ज्याची पाळी, त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर. जीवरक्षक असला तरीही.

रिसॉर्टच्या मुलांच्या क्लबबद्दल विचाराल तर, जरूर पाठवा, दिवसातून तास-दीड तास. आईवडिलांनाही विश्रांती लागते आणि मुलांना अनोळखी मुलं भेटतात. मात्र कोणत्या वयाची किती मुलं आणि किती माणसं, आणि मुलाला बाहेर नेणार असतील तर तुम्हाला आधी सांगतात का, हे विचारून घ्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना यातलं फारसं काही लागत नाही, त्यांना बोटी मोजणं आणि सावलीत पाण्याची बादली पुरते. किशोरवयीन मुलांना कार्यक्रम आखून देऊ नका, जबाबदारी द्या: सूर्यास्ताच्या प्रयोगाचं घड्याळ, बोटींच्या दिव्यांची वही.

कासवं अंडी घालायला येतात असा किनारा असेल आणि हंगाम असेल, तर त्या रात्री गॅलरीचे दिवे बंद आणि पडदे ओढलेले. अंड्यातून निघालेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात आणि इमारतींच्या उजेडाने भलतीकडे भरकटतात. मुलांना हे सांगून दिवा त्यांच्याच हाताने बंद करू द्या. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, गरम वाळूत मादी जास्त, हेही सांगा. किनाऱ्यावर जाऊन बघायचं असेल तर तिथल्या वनखात्याच्या किंवा संवर्धन करणाऱ्यांच्या माणसाबरोबरच, आणि फ्लॅश न वापरता.

सामान फारसं लागत नाही. एक भिंग, लहानसा लोहचुंबक, दोन मीटर दोरी, रंगाच्या पेन्सिली, चिकटपट्टी, एक रिबन, जमल्यास दुर्बीण, आणि प्रत्येक मुलाला स्वतःची एकेक वही. खोली घेताना समुद्राकडची मिळाली तर उत्तम, नाहीतर गच्चीवर मोठ्यांसोबत जायला परवानगी आहे का, एवढं बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.