अष्टमीचा भांग

गौरीपूजनाच्या रात्री आमच्या वाडीत जाखडीचा फेर धरला जातो. गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या या वाडीत यंदा ना मंच होता, ना ध्वनिक्षेपक. एका घराच्या सारवलेल्या खळ्यात गाणारे आणि ढोलकी-झांज वाजवणारे मध्ये बसले होते आणि मुंबईहून आलेली मुले पायात चाळ बांधून त्यांच्याभोवती नाचत होती. पाहणारे जेमतेम पन्नास असतील.

या गाण्यांत शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. एक आदिमायेची थोरवी गातो, दुसरा शिवाची. गण आणि गवळण झाली की एकाने पुराणातला पेच टाकायचा आणि दुसऱ्याने तो गाण्यातच सोडवायचा. शेवटच्या कडव्यात गुरूचे आणि कवनकाराचे नाव गुंफण्याचा रिवाज असल्यामुळे चेहरा कधीही न पाहिलेले कवीसुद्धा नावाने घरचे होऊन जातात. माझ्यासाठी असे एक शाहीर होते. वडिलांच्या जुन्या कॅसेटवर त्यांचे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. गिरणीतली पाळी संपवून ते परळच्या दामोदर नाट्यगृहातल्या सामन्याला उभे राहत आणि १९८२च्या संपानंतर गावी परतले, एवढेच वडिलांकडून कळले होते.

त्या रात्री मुलांनी त्यांचेच एक कवन घेतले. त्यातला सवाल असा आहे की, वसुदेव बाळाला घेऊन निघाला तेव्हा दुथडी भरलेल्या यमुनेने वाट दिली कशी? पुराणातले उत्तर सर्वांना ठाऊक असते. शाहिरांनी मात्र दर्यावर जगणाऱ्या माणसाचे उत्तर दिले आहे. कृष्णजन्म वद्य अष्टमीचा. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते, त्यामुळे भरती चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. या दुबळ्या पाण्याला आमच्याकडे भांग म्हणतात. मथुरेच्या यमुनेपर्यंत समुद्राची भरती पोहोचत नाही, हे खरे आहे. परंतु जन्मभर खाडी पाहिलेल्या माणसाने यमुनेचीही खाडी करावी आणि देवाच्या जन्माची तिथी पाण्याच्या हिशेबाने ताडून पाहावी, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

मुले मात्र ‘अष्टमीचा भांग’ऐवजी ‘अष्टमीचा रंग’ म्हणत होती. ताल जुळत होता, यमकही बिघडले नव्हते, पण सवालाचे उत्तरच नाहीसे झाले होते. मला ते फार लागले, तरीही रंगलेल्या फेरात बोलण्याचे धाडस झाले नाही.

फेर थांबला, चहा फिरू लागला, तेव्हा ओटीच्या कडेला बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि मुख्य गाणाऱ्या मुलाजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, “बाळा, रंग नव्हे, भांग. आज बंदरावर जाऊन बघ, पाणी कसं आहे ते.” मुलगा गोंधळला. ढोलकीवर बसलेल्या काकांनी मान वर केली, क्षणभर निरखून पाहिले आणि ढोलकी बाजूला ठेवून ते त्यांच्या पाया पडले. “बुवा, तुम्ही इकडे कसे?” शाहीर लेकीच्या सासरी गौरीला आले होते. तिच्या घरच्यांखेरीज वाडीत कोणालाही याची कल्पना नव्हती.

मी पुढे होऊन कॅसेटची हकिकत सांगितली. त्यांनी वडिलांचे गाव विचारले, कोणत्या गिरणीत होते ते विचारले आणि काही वेळ माझा हात हातात धरून ठेवला. स्वतःच्या कवनांविषयी ते काहीच बोलले नाहीत.

मग मुलांच्या आग्रहावरून त्यांनी ते कडवे म्हटले. आवाज थकलेला होता, पण ‘भांग’ या शब्दावर त्यांनी झांज थांबवायला लावली आणि त्या शांततेत खालच्या किनाऱ्यावरचा समुद्र अगदी मंद ऐकू आला. त्या रात्रीही अष्टमीच होती. नाममुद्रेची ओळ आली तेव्हा ते गप्प राहिले. ती मुलांनी म्हटली.