साडेसात, पण कुणाचे?

२०२१ ची भाऊबीज शनिवारी आली होती, सहा नोव्हेंबरला. धाकटा भाऊ मेलबर्नला, चुलत बहीण न्यू जर्सीत, चुलत भाऊ लंडनला आणि मी पुण्यात आईबाबांकडे, विमानं तेव्हा अजून धड सुरू नव्हती, म्हणून म्हटलं चला झूमवर ओवाळू. घरच्या ग्रुपवर मीच मोठ्या उत्साहात मेसेज टाकला, "भाऊबीज ०६/११, ७:३० आयएसटी, सगळ्यांनी वेळेवर या रे." मला वाटलं यात न कळण्यासारखं काय आहे!

पाच मिनिटांत लंडनवाल्याचा प्रश्न, सकाळचे की संध्याकाळचे? मेलबर्नहून, "ताई, तुझी शनिवार संध्याकाळ म्हणजे माझा कुठला वार ते सांग फक्त." आणि न्यू जर्सी एकदम शांत. ती शांतता का होती ते दोन दिवसांनी कळलं. तिथेच जन्मलेल्या भाचीने आईच्या फोनमध्ये इमानदारीत नोंद करून ठेवली होती, जून महिन्याच्या अकरा तारखेची. कॅलेंडर बिचारं काय बोलणार, त्याच्या मते जूनमध्ये अकरा तारीख असतेच. बहिणीचा फोन आला, "अगं ही म्हणतेय भाऊबीज जूनमध्ये आहे, मी म्हटलं जूनमध्ये वटपौर्णिमा असते गं."

भाऊबीज सोळा तारखेला असती तर असं झालं नसतं, कारण सोळावा महिना नसतो, भाची लगेच अडली असती. घोळ होतो तो बारा तारखेपर्यंतच, आणि मग मी नको तेव्हा हिशोबाला बसते तशी बसले, तर बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४, त्यातले ०१/०१, ०२/०२ असे जुळे बारा सोडले की वर्षातले १३२ दिवस दोन्हीकडून वाचता येतात. एक तृतीयांश वर्षाहून जास्त! आपण 'सव्वीस अकरा' म्हणतो, ते 'नाइन इलेव्हन' म्हणतात, दोन्ही तारखा आपल्याला तोंडपाठ, दोन्हीत अकरा, पण एकीत तो महिना आहे आणि दुसरीत दिवस, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तर ती भाऊबीज. आमचे संध्याकाळचे साडेसात, लंडनला दुपारचे दोन, न्यू जर्सीत सकाळचे दहा आणि मेलबर्नला रविवार उजाडायच्या वाटेवर, रात्रीचा एक. मी ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी घेऊन लॅपटॉपसमोर, आई मागून ओरडतेय स्क्रीनला कुंकू लावू नकोस गं, लंडनवाला जेवत होता, आणि भाऊ डोक्यावर क्रिकेटची कॅप घालून (टोपी नव्हती म्हणे) पाटाऐवजी योगा मॅटवर बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. म्हणाला, "ताई, पटकन ओवाळ, माझ्याकडे भाऊबीज संपून एक तास झालाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला भेटायचं ठरलं, मुलांनी केलेले किल्ले बघायला. यावेळी सगळ्यांना वेळ पाठ होती, आदल्या दिवशीचीच तर होती. न्यू जर्सीवाली आली साडेआठला. तिच्या घड्याळात दहाच वाजले होते, ती म्हणतेय मी वेळेवर आलेय, आम्ही म्हणतोय एक तास वाट बघून किल्ले बघून झाले आमचे. झालं असं की त्याच रात्री अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली होती (उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली ती हिवाळ्याआधी पुन्हा मागे घेतात). तिकडे २००७ पासून हे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. लंडनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच मागे गेलेली असतात, आणि मेलबर्नला तर उलटंच प्रकरण, ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात कारण त्यांचा उन्हाळा येत असतो. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या चार-पाच आठवड्यांत आमच्या घरात तीन वेळा फरक बदलतो आणि नेमकी दिवाळी बहुतेक वेळा त्यातच येते, याला काय म्हणायचं.

बाबांची यावर स्वतःची एक युक्ती आहे. त्यांच्याकडे काट्यांचं घड्याळ आहे, पुतण्याला फोन करायचा असला की ते मनगटावरून काढतात आणि उलटं धरतात, बाराचा आकडा खाली. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात, आणि लंडनला खरोखर सकाळचे साडेनऊच वाजलेले असतात! साडेपाच तासांच्या फरकाची ही गंमत, मिनिटकाटा बरोब्बर जागेवर पडतो, तासकाटा जरासा मागे राहतो एवढंच, डिजिटल घड्याळवाल्यांना हे सुख नाही. पण मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढे गेली की फरक साडेचारचा होतो आणि बाबांची युक्ती ऑक्टोबरपर्यंत रजेवर जाते. ते मात्र मानत नाहीत, म्हणतात घड्याळ बरोबरच आहे, एक तास ते लोक खोटं बोलतात.

मी आयएसटी लिहिलं होतं ना, त्याचाही नंतर जरा अभिमान उतरला. आपली ती इंडियन, पण इस्राएलच्या वेळेलाही हीच तीन अक्षरं आणि आयर्लंडची उन्हाळ्यातली वेळही आयएसटीच. बीएसटी म्हणजे ब्रिटनची उन्हाळ्यातली वेळ, तशी बांगलादेशचीही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे लोक वर्षभर सरसकट ईएसटी, म्हणजे तिकडची हिवाळ्यातली वेळ, लिहितात, उन्हाळ्यात ती खरं तर ईडीटी असते हे त्यांनाच आठवत नाही. म्हणून आता मी अक्षरांच्या भानगडीतच पडत नाही, सरळ गावाचं नाव लिहिते. पुण्यात अमुक, लंडनला अमुक. गाव सगळ्यांना कळतं. (आता फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, तो तुम्हाला कोलकात्याचा समजतो. संगणकाच्या जगात भारताच्या वेळेचं नावच एशिया-कोलकाता आहे. पुणेकराला हे किती लागतं ते विचारू नका. आणि मुंबईकराला तर जास्तच लागायला हवं, कारण १९०६ मध्ये देशाला एक स्टँडर्ड टाइम मिळाला तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला स्वतःचा बॉम्बे टाइम पार १९५५ पर्यंत तग धरून होता. म्हणजे एकाच शहरात राहून 'तुझे साडेसात की माझे' विचारायची पाळी यायची, झूमशिवाय.)

ऑफिसात आमच्याकडे तारीख २०२१-११-०६ अशी लिहायची पद्धत आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्याला आयएसओ ८६०१ म्हणतात, फाइली नीट क्रमाने लागतात, संगणक खूश, कुणाचाच गैरसमज नाही. पण काकूला भाऊबीजेचं आमंत्रण असं पाठवलं तर ती म्हणेल हा कुठला ओटीपी आला.

खरं तर आपल्याकडे उत्तर केव्हाचं छापून तयार आहे. लग्नपत्रिका काढून बघा कुठलीही. मिती, शके, वार, तारीख, महिन्याचं नाव अक्षरात, 'दुपारी १२ वा. ३७ मि.', आणि खाली स्थळ. तारखेसोबत वार का छापतात हे मला आत्ता आत्ता कळलं, प्रेसवाल्याने सहाचा नऊ केला तर वार जुळत नाही आणि कुणीतरी फोन करून विचारतंच, अहो नऊला मंगळवार आहे, लग्न शनिवारी ना? आणि 'दुपारी', 'संध्याकाळी' असे शब्द असताना ते एएम पीएम कशाला लागतात. फक्त पत्रिकेत स्थळ असतं ते कार्यालयाचं, आपल्याला लागतं ते घड्याळाचं.

रात्र मात्र मराठीतही फसवते हे कबूल. आपला वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटाचा रात्री बाराला. काका-काकूंचं मुंबईहून विमान होतं पंधरा तारखेला ०१:२०, तर हे दोघं पंधरा तारखेला रात्री जेवून, देवाला नमस्कार करून, तीन बॅगा घेऊन विमानतळावर हजर. विमान जाऊन वीस तास झाले होते. काकांचं म्हणणं अजूनही तेच, रात्रीचा दीड म्हणजे त्याच दिवसाची रात्र, दुसऱ्या दिवसाची असती तर पहाट म्हटलं असतं. आणि काउंटरवरची मुलगी त्यांना समजावून दमली तेव्हा काकू म्हणाली, बाई गं, तुम्ही 'चौदाची रात्र उलटून' असं छापा ना!

मला ते फार पटलंय. या वर्षीच्या भाऊबीजेचा मेसेज मी अर्धा तास बसून लिहिला. वार, तारीख, महिना अक्षरात, पुण्यात संध्याकाळी किती, लंडनला दुपारी किती, न्यू जर्सीत सकाळी किती, आणि मेलबर्नवाल्यासाठी खास, 'भाऊबीजेची रात्र उलटून, म्हणजे दुसरा वार लागल्यावर'. दोनदा तपासला आणि पाठवला.

पहिलं उत्तर बाहेरच्या खोलीतून आलं. बाबा. घड्याळ हातात, उलटं. "ते सगळं कळलं गं, पण आधी जेवायचं की ओवाळून झाल्यावर?"