हेड कोचच्या चौकशीत साक्षीदार म्हणून

अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात फुटबॉलचा हेड कोच हे काय प्रस्थ असतं, याची इथे नोकरी लागेपर्यंत मला कल्पना नव्हती. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात मोठा आकडा राज्यपालांच्या नावापुढे नसतो, याच्या नावापुढे असतो. मी खेळाडूंच्या अभ्यासाची बाजू बघते. कुणाचे क्रेडिट कमी पडतायत, कुणाला गणिताची शिकवणी लावायची, असली कामं. मैदानाशी माझा संबंध शनिवारी गाडी लावायला जागा न मिळण्यापुरता. तरीही मी एका हेड कोचविरुद्धच्या चौकशीत साक्षीदार झाले. विद्यापीठ, वर्ष आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

फुटबॉल ऑफिसात अर्धवेळ काम करणारी एक विद्यार्थिनी ‘ते काम सोडायचंय, दुसरं बघून द्या’ म्हणत माझ्याकडे आली. का, म्हटल्यावर तिने फोनच पुढे केला. हेड कोचचे मेसेज होते. रात्री उशिराचे, कामाशी काडीचा संबंध नसलेले. ‘कुणाला सांगू नका हं’ असं ती म्हणाली आणि तिथेच मला तिला थांबवावं लागलं. आमच्याकडे माझ्या पदावरच्या माणसाला असं काही कळलं, की टायटल नाइन कार्यालयाला कळवणं सक्तीचं आहे. टायटल नाइन म्हणजे शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा १९७२चा केंद्रीय कायदा. लैंगिक छळाच्या तक्रारी त्याच्याखाली येतात. पण मी कळवलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. लेखी तक्रार करायची की नाही हे तिच्या हातात होतं. तिने बराच वेळ घेतला आणि मग सही केली.

त्यानंतर मला पहिलं आलं ते विद्यापीठाच्या वकिलांचं मेल: या विषयाशी संबंधित एकही मेल, मेसेज, टिपण पुसायचं नाही, खासगी फोनवरचंसुद्धा. वाचून मला ओहायो स्टेट आठवलं. २०१८ मध्ये तिथला हेड कोच अर्बन मायर याच्यावर प्रश्न आला होता की एका सहाय्यक कोचच्या पत्नीने नवऱ्यावर केलेल्या घरगुती हिंसाचाराच्या आरोपांबद्दल मायरला किती माहीत होतं. बातमी आल्या दिवशी त्याने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने फोनमधले वर्षापूर्वीचे मेसेज कसे जातील याची चर्चा केल्याचं चौकशी अहवालात आलं. १ ऑगस्टला पगारी रजा, मग बाहेरच्या वकिलांकडून चौकशी, विश्वस्तांची दिवसभर चाललेली बैठक आणि २२ ऑगस्टला शिक्षा: तीन सामने सस्पेंड. सगळं तीन आठवड्यांत. मला वाटलं, आमचंही असंच उरकेल.

उरकलं नाही. माझी मुलाखत घेणारी वकील बाहेरच्या फर्मची होती. अतिशय गोड बाई. बसल्या बसल्या तिने सांगितलं, ‘मी विद्यापीठाची वकील आहे, तुझी नाही. इथलं बोलणं गोपनीय ठेवायचं की उघड करायचं हे विद्यापीठ ठरवेल.’ असं इथले वकील नेहमीच सांगतात हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र घशाला कोरड पडली. मग प्रश्न. ती विद्यार्थिनी नेमकी कुठल्या शब्दांत बोलली? तू मेसेज वाचलास की फक्त पाहिलास? कोचशी तुझं कधी वाजलं होतं का? या शेवटच्या प्रश्नाचा मला राग आला, पण तिचं कामच ते होतं. विद्यार्थिनी माझ्याकडे आली त्या दिवशी मी स्वतःसाठी तारीख घालून चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या पुढे फार कामाला आल्या. असं काही तुमच्या कानावर आलं तर त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. आपलं मत नको, ऐकलेले शब्द लिहा.

नंतर शांतता. केंद्राच्या २०२०च्या नियमांप्रमाणे सगळे पुरावे दोन्ही बाजूंना दाखवायचे, उत्तर द्यायला किमान १० दिवस द्यायचे, मग अहवाल, मग पुन्हा किमान १० दिवस, आणि मग प्रत्यक्ष सुनावणी. तिथे एका बाजूचा सल्लागार दुसऱ्या बाजूच्या माणसांची उलटतपासणी करतो. निकाल देणारा माणूस चौकशी करणाऱ्याहून वेगळा हवा आणि निकाल लागेपर्यंत कोच निर्दोष धरायचा. पुण्याच्या एका कॉलेजात माझी वहिनी लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर आहे. तिला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘आम्हाला २०१३च्या कायद्याने ९० दिवसांत चौकशी संपवावी लागते गं. तुमच्याकडे मुदत किती?’ पक्की मुदतच नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. तिची समितीही दर वेळी ९० दिवस पाळते असं नाही, पण निदान मोजायला आकडा तरी आहे.

या काळात कोच रोज सरावाला जात होता. विद्यार्थिनीला दुसऱ्या विभागात काम मिळालं. कागदोपत्री ती ‘साहाय्यक उपाययोजना’. तिच्या दृष्टीने, जागा तिने सोडली आणि तो तिथेच राहिला. माझ्या ऑफिसात लोक एकमेकांना मिशिगन स्टेटचा दाखला देत. तिथला हेड कोच मेल टकर याच्याविरुद्ध डिसेंबर २०२२ मध्ये तक्रार झाली, चौकशीचं काम २०२३च्या उन्हाळ्यात संपलं आणि सुनावणी ऑक्टोबरात ठरली. तोवर तो संघ चालवतच होता. १० सप्टेंबर २०२३ला वर्तमानपत्राने सगळं छापलं, त्याच दिवशी तो बिनपगारी सस्पेंड झाला. २७ सप्टेंबरला हकालपट्टी. सुनावणी अजून व्हायचीच होती.

हे कसं, असं मी कायदा विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं, तेव्हा मला खरी भानगड कळली. कोचवर दोन वेगळ्या कागदांवरून कारवाई होते. एक टायटल नाइनचं धोरण, दुसरा त्याचा नोकरीचा करार. करारात ‘कॉज’ म्हणून एक कलम असतं: अनैतिक वर्तन, विद्यापीठाची बदनामी होईल असं वागणं, वरिष्ठांशी खोटं बोलणं. कॉजखाली काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागत नाहीत. नुसतं काढलं तर बायआउट, म्हणजे करार मोडल्याची भरपाई, मोजावा लागतो. टकरचा करार १० वर्षांचा, ९.५ कोटी डॉलरचा होता. त्यातले जवळजवळ ८ कोटी उरले होते. तो छळाचा आरोप नाकारत होता, जे झालं ते संमतीने झालं म्हणत होता. विद्यापीठाने मात्र त्याने स्वतः कबूल केलेल्या गोष्टीच कॉजला पुरेशा धरल्या. आर्कान्सामध्ये २०१२ साली हेड कोच बॉबी पेट्रिनोचं तर आणखी साधं: मोटरसायकलच्या अपघातात मागे कोण बसलं होतं हे त्याने लपवलं, आणि त्याच तरुणीला, तिच्याशी असलेले संबंध न सांगता, आपल्या विभागात नोकरी दिली होती. १ एप्रिलला अपघात, १० एप्रिलला घरी.

मग माझ्या लक्षात आलं की आमच्या प्रकरणातही मेसेज वाईट होते की नाही यापेक्षा, कोच ॲथलेटिक डायरेक्टरपुढे, म्हणजे खेळ विभागाच्या प्रमुखापुढे, काय बोलला हे वकिलांना जास्त महत्त्वाचं होतं. तो म्हणाला होता, ‘मी तिला कधी मेसेजच केले नाहीत.’ मेसेज तर सगळ्यांनी पाहिलेले. ते एक वाक्य नसतं तर पुढच्या मोसमातही तो साइडलाइनवर उभा असता, याबद्दल मला शंका नाही. कॉजची नोटीस गेली, उत्तराला थोडे दिवस मिळाले आणि एका शुक्रवारी दुपारी उशिरा त्याला काढल्याचं पत्रक निघालं. शुक्रवार दुपार अशासाठी, की शनिवार-रविवारात बातमी विरून जाते.

मला वाटलं संपलं. पण माणूस नोकरीत राहिला नाही की तक्रार बंद करायची मुभा नियमांत विद्यापीठाला असते. आमच्याकडे तसा विचार चालल्याचं कानावर आलं तेव्हा मी सुन्न झाले. विद्यार्थिनीने लेखी हरकत घेतली. मिशिगन स्टेटने टकर गेल्यावरही सुनावणी घेतली, तो आला नाही तरी घेतली, आणि त्याने धोरण मोडल्याचा निर्णय दिला, हे तिच्या सल्लागाराने पत्रात ठळकपणे मांडलं. सुनावणी झाली. मी व्हिडिओवरून साक्ष दिली. कोचच्या सल्लागाराने मला तारखांवरून बरंच घोळवलं, तेव्हा त्या चार ओळींनी तारलं.

निकाल मला कळवला नाही. तो फक्त दोन्ही पक्षांना जातो. साक्षीदार पक्ष नसतो. मीही तिला विचारलं नाही. ती वेळेवर पदवी घेऊन गेली.

नव्या हेड कोचचा करार सरकारी कागद म्हणून कुणालाही मागवता येतो, मी मागवला. कॉजच्या यादीत एक ओळ वाढली आहे: विद्यापीठाच्या चौकशीत खोटी किंवा अपुरी माहिती देणं. बायआउटही आधीपेक्षा वाढलाय.